बर्फावरच्या पात्याची धार
सदर : घरची कर्मशाळा

गेल्या हिवाळ्यातले चार महिने प्रस्तुत लेखकाने कॅनडात, टोरोंटोजवळच्या एका उपनगरात, कन्येच्या घरी काढले. त्यामुळे या सदरात खंड पडला, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. त्याची भरपाई म्हणून तेथे हातून झालेल्या एका कामाची हकीकत आज सांगावयाची आहे. हे काम बडोद्यात करण्याचा प्रसंग कुणावर येईल असे नाही. परंतु आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांतली नातवंडे आज बर्फाच्या मुलखात वाढत आहेत, आणि त्यांच्याकडे गेलेल्या आजी-आजोबांना ‘आता येथे आपण करावे तरी काय’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच पडतो. शिवाय आपल्याच देशात शिमल्याला १९२० पासून उघड्यावरचे बर्फाचे रिंक आहे, आणि लडाखात तर गोठलेल्या तळ्यांवर मुले-मुली हॉकी खेळतात. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आमचा नातू अकरा वर्षांचा. बर्फावरच्या हॉकीचे त्याला वेड. आठवड्यातून तीन-चार वेळा त्याची आई त्याला पहाटेच्या काळोखात गाडीत घालून रिंकवर नेते. रिंकच्या इमारतीतच पात्यांना धार लावून देणारे एक दुकान होते. शनिवारी तेथे मोठी रांग लागे. यंत्रावर आज एक मुलगा, उद्या दुसरा. प्रत्येकाचा हात निराळा. नातू एकदा जेवताना म्हणाला, “आजोबा, कधी बूट बर्फाला चिकटून बसतात, तर कधी नुसतेच पळतात. मला काही कळतच नाही.”

प्रस्तुत लेखकाने चौतीस वर्षे बडोद्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली आहेत. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या कलाभवनात शिकलेल्या एका कडक गुरूच्या हाताखाली मी कानस धरावयास शिकलो. धार म्हणजे काय हे मला आता कोण सांगणार, असे मनात आले. जावईबापूंनी कुठूनशी चौकशी करून धार लावण्याचे एक जुने यंत्र स्वस्तात मिळवले, आणि आम्ही तळघरात कर्मशाळा मांडावयाचे ठरवले.

पाते म्हणजे सुरी नव्हे

स्केटच्या तळाला पोलादाचे एक लांब, उभे पाते असते. ते सुरीसारखे एका धारेचे असावे अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात हॉकीच्या स्केटचे पाते सुमारे ३ मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाशी चवड्यापासून टाचेपर्यंत एक उथळ पन्हळ कोरलेली असते. त्या पन्हळीच्या दोन काठांना दोन कडा उभ्या राहतात. एक आतली, एक बाहेरची. खेळाडू वळतो तेव्हा शरीर कलते, त्याबरोबर पाते कलते आणि एकच कड बर्फात रुतते. त्या कडेच्या आधारावर तो पायाने रेटा देतो आणि पुढे जातो. उत्तर युरोपात फार प्राचीन काळी लोक जनावरांच्या हाडांचे स्केट पायाला बांधीत आणि हातातल्या काठीने स्वतःला ढकलीत जात, कारण हाडाला रुतणारी कड नव्हती. धारदार कडांचे लोखंडी पाते आले आणि काठी सुटली.

बर्फ निसरडा का असतो, याचे उत्तर आमच्या शाळेत ‘वजनाच्या दाबाने तो वितळतो म्हणून’ असे शिकवीत. आज ते उत्तर पुरेसे मानीत नाहीत. शून्याखालच्या बर्फाच्या पृष्ठभागावरही पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो, अशी कल्पना मायकेल फॅरडेने १८५० मध्ये मांडली होती. तो थर आणि पात्याच्या घर्षणातून निघणारी उष्णता यांचा त्यात मोठा वाटा असतो. आपल्या कामापुरते एवढे पुरे की पाते घसरले पाहिजे आणि रुतलेही पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, आणि धार लावणाऱ्याची सारी कसोटी त्यांचा मेळ घालण्यात आहे.

हा मेळ पन्हळीच्या गोलाईवर ठरतो. हॉकीसाठी अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई सर्वांत प्रचलित आहे. त्रिज्या लहान, म्हणजे ३/८ इंच घेतली, तर पन्हळ खोल होते, कड अधिक रुतते, पण वेग खातो. त्रिज्या एक इंच घेतली तर पन्हळ उथळ होते. पाते मोकळे धावते, पण वळणावर पकड कमी. वजनाने हलक्या मुलांना कड रुतवण्यासाठी थोडी खोल पन्हळ उपयोगी पडते, तर भारदस्त खेळाडूला उथळ पुरते. कडक, थंड बर्फावर पकड अधिक लागते, मऊ बर्फावर कमी.

आता या पन्हळीची खोली किती असेल? ३ मिलिमीटर जाडीच्या पात्यावर अर्ध्या इंचाच्या त्रिज्येने कोरलेली पन्हळ मध्यभागी ०.०९ मिलिमीटरही खोल नसते. वहीचा एक कागद सुमारे तेवढाच जाड असतो. पोराचा सारा वेग, वळण आणि धडपड त्या कागदाएवढ्या खोलीवर अवलंबून! हा हिशेब मी पुष्कळ उशिरा मांडला. कसा, ते पुढे सांगतो.

माझी चूक

यंत्राची रचना साधी होती. गुळगुळीत लोखंडी मेज, त्याच्या कडेला आडवे फिरणारे सहाणेचे चाक, आणि पाते आडवे धरून मेजावर सरकवता येईल असा एक शिकंजा. पहिल्याच संध्याकाळी मी नातवाचे दोन्ही बूट शिकंज्यात धरून धार लावली. अंगठ्याच्या नखावर पाते टेकवून पाहिले. नखाचा पापुद्रा निघाला. विळी, अडकित्ता, रंधा यांना जन्मभर लावलेली धार मी अशीच पारखली होती. मी समाधानाने दिवा मालवला.

तिसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी नातू उजवीकडे वळताना घसरला आणि कडेच्या फळीवर जाऊन आपटला. कोपर सुजले. हाड शाबूत होते ही देवाची कृपा. पण त्यानंतर उजवे वळण आले की तो आधीच मंदावू लागला. प्रशिक्षकाने पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवून ठेवले. त्या रात्री तो आईला हलक्या आवाजात सांगत होता, “मला आता उजवीकडे वळताच येत नाही. मी विसरलो.” आजोबांनी लावलेल्या धारेविषयी त्याच्या मनात शंकासुद्धा आली नव्हती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पहाटे उठून तळघरात गेलो. गुण्या काढला. पाते उलटे करून त्याच्या दोन्ही कडांवर एक सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि पात्याच्या बाजूला गुण्या लावून पाहिले. पट्टी कलली होती. दोन्ही बुटांची डावी कड उंच आणि उजवी कड खाली! चाकाचा मध्य पात्याच्या मध्याशी जुळलेला नव्हता, आणि तो जुळवून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. दोन्ही बूट शिकंज्यात एकाच दिशेने धरल्यामुळे दोन्हींत तीच चूक उतरली. डावे वळण घेताना मुलगा दोन्ही पायांच्या उंच कडांवर उभा राही, म्हणून तो पक्का. उजवे वळण घेताना खालच्या कडांवर येई, म्हणून तो घसरे. मुलगा काहीच विसरला नव्हता.

मग कागद घेऊन हिशेब केला. चाक मध्यापासून केवळ ०.२ मिलिमीटर सरकले, तर दोन कडांच्या उंचीत जवळजवळ ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे पन्हळीच्या एकंदर खोलीच्या निम्मा! दोन्ही कडा नखावर तितक्याच तीक्ष्ण लागतात. नखाला हा फरक कधीच कळत नाही. विळीला एकच धार असते, म्हणून माझी जन्माची पारख तेथे पुरी पडली होती. येथे दोन कडा आहेत आणि त्या सारख्या असणे हे तीक्ष्ण असण्याहून महत्त्वाचे आहे.

नातू शाळेतून आल्यावर त्याला तळघरात बोलावले, कललेली पट्टी दाखवली आणि सांगितले, “बाळा, तू चुकला नाहीस. आजोबा चुकले.” तो बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “म्हणजे मला येतं वळता?” एवढेच त्याला हवे होते.

कर्मशाळेची मांडणी

यानंतर मी यंत्राला आठ दिवस हात लावला नाही. आधी जागा नीट केली. ज्या वाचकांच्या मुला-नातवंडांना असे काही करावयाचे असेल त्यांच्यासाठी ती मांडणी क्रमाने देतो.

बाके जड हवे आणि भिंतीला बोल्टने पक्के आवळलेले हवे. चाक फिरू लागले की हलके बाके थरथरते, आणि ती थरथर लाटांच्या रूपाने पात्यावर उमटते. बाक्याची उंची कमरेएवढी असावी, म्हणजे कोपरे अंगाशी ठेवून दोन्ही हात सावकाश सरकवता येतात. यंत्राखाली पाणसळ लावून मेज समतल करावे. दिवा एकच, पण हलवता येणारा हवा. पट्टी आणि कड यांमधली फट मागून येणाऱ्या उजेडातच दिसते.

चाक बसवण्यापूर्वी ते वाजवून पाहावे. बडोद्याच्या बाजारात माठ घेताना आपल्या आया-बहिणी बोटाने टकटक करून पाहतात, तीच ही रीत. चाक बोटावर किंवा खुंटीवर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर चाकात चीर आहे असे समजून ते टाकून द्यावे. चिरलेले चाक वेगात फुटले तर जिवावर बेतते. नवे चाक बसवल्यावर आच्छादन लावून, स्वतः बाजूला उभे राहून, ते मिनिटभर रिकामे फिरू द्यावे.

ही चाके बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचीच असतात. आपला सराणिया सायकलच्या चाकावर पट्टा चढवून जी सहाण फिरवतो तिच्याच कुळातली. फरक असा की या चाकाच्या कडेला हिरकणीने नेमकी गोलाई द्यावी लागते. यंत्रावर एक झुलता दांडा असतो व त्याच्या टोकाला हिरकणी बसवलेली असते. दांड्याच्या खुंटीपासून हिरकणीच्या टोकापर्यंतचे अंतर जेवढे ठेवाल तेवढी पन्हळीची त्रिज्या. चाक झिजते, त्यावर पोलादाची पूड बसते, म्हणून ही हिरकणी वरचेवर फिरवावी लागते. हल्ली घरगुती वापराची छोटी स्वयंचलित यंत्रेही मिळतात. त्यांच्या चाकांना गोलाई आधीच दिलेली असते. ज्यांना हाताच्या कौशल्याची हौस नाही त्यांना ती सोयीची. मात्र कडा समान आहेत की नाहीत हे तेथेही तपासावेच लागते.

सुरक्षेविषयी दोन शब्द. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर धुळीची जाळी याशिवाय यंत्र सुरू करू नये. पोलादाची आणि सहाणेची पूड फुप्फुसांना घातक असते. फिरत्या चाकाजवळ हातमोजे, लोंबता मफलर, सैल बाह्या, मोकळे केस नकोत. ठिणग्या उडतात, म्हणून लाकडाचा भुसा, तेलकट चिंध्या, रंगाचे डबे त्या खोलीत ठेवू नयेत. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने धूळ टिपावी.

हात बसवण्याची रीत

जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी टाकाऊ स्केटचे दोन जोड आणले आणि आधी त्यांच्यावर हात बसवला. नातवाच्या बुटांना पुन्हा हात लावण्याची घाई केली नाही. नवशिक्याने निदान दहा वेळा तरी असेच करावे.

प्रथम पाते पुसून उजेडात पाहावे. कोठे खाच, कोठे गंज आहे ते लक्षात घ्यावे. मग तळावर काळ्या शाईची रेघ भरावी. टूलरूममध्ये आम्ही निळ लावून जुळणी पाहत असू, त्यातलाच हा प्रकार. चाकाचा एक अगदी हलका हात फिरवावा आणि थांबून पाहावे, शाई कोठे खरवडली गेली. ती दोन कडांच्या बरोबर मध्ये गेली तर चाक मध्यावर आहे. एका बाजूला गेली तर शिकंज्याचा स्क्रू किंचित फिरवावा आणि पुन्हा शाई लावावी. हे जुळेपर्यंत पुढे जावयाचे नाही. माझी मूळ चूक येथेच झाली होती.

त्यानंतर चवड्यापासून टाचेपर्यंत एकाच संथ वेगाने, हलक्या दाबाने पाते न्यावे. पाते लांबीतही सपाट नसते. त्याला झोपाळ्याच्या तळासारखा सौम्य बाक असतो, आणि हॉकीच्या पात्यात त्या बाकाची त्रिज्या नऊ ते अकरा फुटांच्या आसपास असते. हाताने तो बाक अनुसरावा. टोकांशी रेंगाळले की तेथले पोलाद अधिक जाते आणि काही महिन्यांत पात्याचा मूळ आकारच बिघडतो. ठिणग्यांची धार शेवटपर्यंत सारखी राहिली तर हात सारखा चालला असे समजावे.

दाब वाढवू नये. जोर दिला की पाते तापते, त्यावर निळसर डाग उठतो, आणि तेथले पोलादाचे पाणी उतरते. पाणी उतरलेली कड दोन दिवसांत बोथट होते. नेहमीच्या धारेला पाच-सहा हलके हात पुरतात. शेवटच्या हाताला चाकावर तेलाचा थेंब दिला तर पन्हळ गुळगुळीत येते.

आता कडांच्या बाहेर धातूची बारीक कोर उभी राहिलेली असते. बारीक दाण्याचा निसणा पात्याच्या बाजूला पूर्ण सपाट टेकवून तो हळूच फिरवावा. निसणा तिरपा झाला तर घेतलेली सारी मेहनत वाया जाऊन कड गोल होते. अखेरीस पट्टी आणि गुण्या. पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन ठिकाणी पट्टी ठेवून पाहावी. तिन्ही ठिकाणी काटकोन आला तरच नखाची परीक्षा घ्यावी. कडेवरून बोट लांबीच्या दिशेने कधी फिरवू नये.

कलात्मक नृत्याच्या स्केटचे पाते याहून जाड, सुमारे ४ मिलिमीटरचे असते आणि त्याच्या पुढच्या टोकाला दाते असतात. कित्येक उड्या त्या दात्यांच्या आधारावर असतात. चाकाने ते खाल्ले गेले तर पाते निकामी. ते काम जाणत्याकडेच द्यावे. शर्यतीच्या स्केटला पन्हळच नसते. त्यांचा तळ सपाट ठेवून, दोन्ही पाती चौकटीत शेजारी-शेजारी धरून, हाताने दगडावर धार लावतात.

धार लावण्याइतकीच ती राखणेही महत्त्वाचे. बर्फावरून उतरताच पाते कोरड्या फडक्याने पुसावे. चालताना कडक प्लॅस्टिकचे आवरण घालावे, कारण फरशीवरची चार पावलेही कड मोडतात. पण घरी आल्यावर तेच ओले आवरण पात्यावर ठेवले तर रात्रीत गंज धरतो. घरात पाते कापडी खोळीत ठेवावे.

पुन्हा बर्फावर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नातवाच्या बुटांना मी दुसऱ्यांदा धार लावली. पट्टी तिन्ही ठिकाणी काटकोनात बसली. तरीही मी त्याला सांगितले, की आज पहिली पंधरा मिनिटे खेळू नकोस, नुसते वळून पाहा. मी काचेमागे उभा होतो. तो सावकाश डावीकडे वळला. मग उजवीकडे. पहिल्या उजव्या वळणाला त्याने पूर्वीसारखाच वेग मारला, दुसऱ्याला थोडा कमी मारला, आणि पाचव्या-सहाव्या वळणाला तो मला विसरून गेला. काचेमागचा म्हातारा डोळे पुशीत होता, हे त्याला दिसले नाही, ते बरेच झाले.

परत निघण्याच्या आधी नातवाने विचारले, “आजोबा, तुम्ही गेल्यावर धार कोण लावणार?” प्रश्न रास्त होता. जावईबापू सतत फिरतीवर. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, मला शिकवा.” लहानपणी तिला कारखान्याच्या सुटीच्या दिवशी टूलरूम पाहावयाची असे आणि मी ‘मुलींचे तेथे काय काम’ म्हणून तिला नेत नसे. ते तिने बोलून दाखवले नाही, मलाच आठवले. शाई, मध्य, हलका हात, निसणा, पट्टी. पंधरा दिवसांत तिने सगळे उचलले. तिचा हात माझ्याहून हलका आहे आणि तिला पूर्वीच्या पारखीचा गर्व नाही, म्हणून ती मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवीत नाही.

यंत्रावर आम्ही एक वही टांगून ठेवली आहे. तारीख, त्रिज्या, किती हात फिरवले आणि पट्टी कशी बसली, एवढ्या चारच गोष्टी तीत लिहावयाच्या. पहिल्या पानावर माझ्या चुकीची नोंद आहे. ती मी खोडू दिली नाही. आता दर शुक्रवारी रात्री कन्या मोबाइलच्या पडद्यावर मला पाते आणि त्यावरची पट्टी दाखवते. तिच्याकडे रात्र असते तेव्हा येथे सकाळ झालेली असते. मी चहाचा कप बाजूला ठेवतो, चष्मा लावतो आणि विचारतो, “मागून उजेड घेतलास का?” ती दिवा पट्टीच्या मागे नेते आणि मग आम्ही दोघेही पाहतो.